चांदीचे खवले

रेणुकाची नजर सतत घरभर फिरत असायची. गॅसचं बटण फिरवलंय का, विहिरीवरची जाळी कोणी सरकवून ठेवली नाही ना, मनस्वीच्या दप्तरात पाण्याची बाटली गेली का, सासऱ्यांनी सकाळच्या गोळ्या घेतल्या का. तिचं माहेर चिपळूणचं. तिथल्या मोठ्या पुरात लहानग्या मनस्वीला पोटाशी धरून ती माळ्यावर बसून राहिली होती. खाली घरात पाणी चढत होतं आणि पिठाचा डबा तरंगत तरंगत शिडीपर्यंत आला होता. पाणी ओसरलं, चिखल धुऊन झाला, पण त्या दिवशी मनात जे बसलं ते काही धुऊन निघालं नाही. सासर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेची वाडी. तिथे पूर यायचा तर आधी अख्खं देवरूख बुडायला हवं. सासूबाई, सुंदराबाई, हसून म्हणायच्या, "हिला झोपेत पण एक डोळा उघडा लागतो गो."

नवरा महेंद्र लोट्याला कारखान्यात पाळीवर होता. तिकडेच खोली घेऊन राहायचा, सुट्टी मिळाली की यायचा. त्यामुळे घराचा डोळा म्हणजे रेणुका, हे सगळ्यांनी धरून टाकलं होतं, तिनेही. बी.एस्सी. झालेली सून, तिला कळतं.

आप्पांच्या गोळ्या हा तर तिचाच प्रांत. आप्पा म्हणजे तिचे सासरे, गंगाराम. एसटीत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एकदा छातीत कळ येऊन रत्नागिरीला न्यावं लागलं, तेव्हापासून रक्तदाबाची, साखरेची आणि रक्त पातळ ठेवायची अशा गोळ्या मागे लागल्या. आप्पांना गोळ्यांचा राग. घेतली का विचारलं की घेतली म्हणायचे, आणि न घेताही तेवढ्याच ठामपणे म्हणायचे. म्हणून रेणुकाने एक रीत लावून दिली. गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकायचं नाही, खिडकीतल्या टोपलीत टाकायचं. रत्नागिरीहून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम यायच्या. टोपली भरत चालली म्हणजे गोळ्या पोटात जातायत, एवढी साधी गोष्ट. येता-जाता टोपलीकडे नजर गेली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मनस्वी सहावीत होती, आणि शाळेत बोलत नव्हती. घरी बोलायची; आजोबांशी तर गोठ्याच्या पायरीवर बसून तिची बडबड संपायची नाही. पण वर्गात बाईंनी उभं केलं की पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहायची. पालकसभेहून आलं की रेणुकाला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. अशा मुलीने, तालुक्यातल्या शाळांसाठी टाकाऊ वस्तूंपासून पोशाख करायची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा, आपणहून हात वर केला. चित्रकलेच्या नम्रता मॅडमनी मुद्दाम फोन करून हे कळवलं. पोशाख मुलीनेच घालायचा, मंचावर चालायचं, आणि तो कशाचा केला ते माईकवर स्वतः सांगायचं, हेही त्यांनी बजावलं. रेणुकाने फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली.

मनस्वीला मासा व्हायचं होतं. का, ते तिलाही सांगता येईना. मासा म्हटलं की खवले आले. खवले कशाचे करायचे यावर पडवीत दोन संध्याकाळ चर्चा झाली. दुधाच्या पिशव्या लोळागोळा होतात, वेफरची पाकिटं आवाज करतात पण अंगावर बसत नाहीत. आप्पा इतका वेळ गप्प ऐकत होते. ते उठले, खिडकीतली टोपली घेऊन आले आणि त्यांनी त्यातलं एक पाकीट उचलून दिव्यासमोर धरलं. रक्त पातळ करायच्या गोळीचं पाकीट. त्यांच्या तिन्ही गोळ्यांची पाकिटं अशीच, दोन्हीकडून चांदी, गोळी असते तिथे फुगीर.

"हा बघ तुझा खवला," ते नातीला म्हणाले.

आप्पा तरुणपणी वाडीच्या नमनात, शिमग्यातल्या नाचगाण्याच्या खेळात, राजा व्हायचे. शिमगा झाला की खेळ्यांबरोबर गावोगाव जायचे. मुकुट विकत आणायची कोणाची ऐपत नव्हती. मग सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद वर्षभर साठवायचा आणि पुठ्ठ्यावर डकवायचा. गॅसबत्तीच्या उजेडात तो असा झळकायचा, आप्पा सांगायचे, की खरा राजा बघायला आला असता तर त्याने आपला काढून खाली ठेवला असता. हे सांगताना ते मान ताठ करायचे. सुंदराबाई तांदूळ निवडता निवडता मागून म्हणायच्या, "त्या कागदासाठी विडी सोडून शिगरेट ओढायला लागले, ते नाय सांगत पोरीला."

काम सुरू झालं तसा पडवीचा रंगच बदलला. जुनी मच्छरदाणी दुहेरी शिवून रेणुकाने झगा बेतला. आप्पा कातरीने पाकिटं कापायचे, दाभणाने भोकं पाडायचे, आणि मनस्वी नायलॉनच्या दोऱ्याने एकेक खवला टाचायची. तिने पहिल्या दिवशी वरून सुरुवात केली तर आप्पांनी सगळं उसवायला लावलं. कौलं कशी घालतात, खालून वर; वरचं कौल खालच्यावर येतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. माशाचंही तसंच. पोरगी हसत हसत उसवायची आणि पुन्हा टाचायची. आतून रेणुकाला तिचा आवाज ऐकू यायचा. मधेच ती माईकवर बोलायची तालीम करायची, हातात दाभण धरून. त्या दिवसांत रेणुकाला पहिल्यांदाच वाटलं की आपण एक डोळा मिटायला हरकत नाही.

आप्पांची पाकिटं लवकरच संपली. मग मनस्वी वाडीत घरोघर फिरली. शेजारच्या भागोजीने निरोप धाडला की रिकामी कशाला, भरलेलीच घेऊन जा, मला तशाही त्या नकोतच. पण वाडीतून आलेली पाकिटं बहुतेक प्लास्टिकची निघाली, एकीकडून लाल, एकीकडून पिवळी. ती पोटाकडच्या बाजूला लावून टाकली. पाठ अर्धी उघडीच राहिली.

"चांदी कमी पडतेय," आप्पा म्हणाले. दोनतीनदा म्हणाले.

आणि मग टोपली पुन्हा भरायला लागली. रेणुकाने ते पाहिलं. तिला बरं वाटलं. एवढ्या लवकर भरतेय म्हणजे काही कोणीतरी वाडीतून आणून दिली असतील, असं तिच्या मनात आलं आणि तिथेच थांबलं. एवढंच नाही, पूर्वी आप्पांची पाकिटं वेडीवाकडी फाटलेली असायची, आता प्रत्येक गोळीमागे नखाने दिलेली एक बारीक चीर होती, पुढचा फुगवटा जसाच्या तसा. किती सुबक काढलंय, असं ती त्यांना म्हणालीसुद्धा. आप्पा खाली बघून हसले आणि दाभण शोधायला लागले.

भात झोडून झालं, घरात आलं. सकाळी धुकं असायचं. अशाच एका सकाळी मनस्वीने पडवीतून हाक मारली. हाक वेगळी होती. रेणुका हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. झगा मांडीवर, दोऱ्याला लटकलेली सुई हलत होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि त्यातून शब्द यायच्या ऐवजी नुसता आवाज येत होता. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

आधी देवरूख, तिथून रत्नागिरी. लोट्याहून महेंद्र परस्पर तिकडेच आला. जीव वाचला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. नियमित चालू होत्या का? रेणुका पुढे झाली. एक दिवस चुकला नाही, ती म्हणाली, मी स्वतः बघते. एवढ्या धावपळीतही तिच्या आवाजात किंचित अभिमान आला. डॉक्टर जरा विचारात पडले. मग हे औषध त्यांना पुरं पडत नाही असं धरावं लागेल, ते म्हणाले. बदलून जोराचं देऊ, उद्यापासून सुरू करू.

कपडे आणि डबा आणायला रेणुका घरी आली. आप्पांचं जाडं धोतर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत असायचं, नमनाच्या सामानाशेजारी. पेटी उघडली तर वरच जुना मुकुट, कागद काळा पडलेला. त्याच्या आत, पोकळीत, तपकिरीची मोठी डबी ठेवली होती. आप्पांनी तपकीर सोडून जमाना झाला होता. रेणुकाने डबी उचलली तर ती वाजली.

आत गोळ्या होत्या. डबी गच्च भरली होती. सगळ्या पांढऱ्या, थोड्याफार फरकाने सारख्या. काही दमट हवेने एकमेकींना चिकटल्या होत्या. वरच्या काही तेवढ्या कोरड्या, नव्या.

ती पेटीसमोर बसूनच राहिली. आधी तिला काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं: टोपली, चीर, खाली बघून हसणं. दारात सुंदराबाई उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

"तूच बघितलंस," त्या म्हणाल्या. "मी नाय सांगितलं."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. पोरीची चांदी अडली म्हणून आप्पांनी पुढच्या गोळ्याही पाकिटातून काढून डबीत भरल्या. रोज डबीतून घ्यायच्या, त्यात काय मोठंसं. पण तिन्ही एकत्र पडल्यावर कुठली कुठली ते ओळखेना. अंदाजाने घेतल्या, तर एक दिवस गोठ्यात गरगरून खाली बसले. तेव्हापासून घाबरून घ्यायच्याच सोडल्या. स्पर्धा होऊ दे, मग सुनेकडून नीट निवडून घेऊ, आत्ता सांगितलं तर ती ओरडेल आणि पोरीचा झगा राहील, असं त्यांचं म्हणणं. बायकोने कुठे बोलू नये म्हणून त्यांनी तिला शपथ घातली होती. मनूची.

"दुसऱ्या कोणाची असती तर मोडली असती गो," सुंदराबाई म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

रेणुका त्यांच्यावर रागवायला गेली आणि तिला दिसलं, राग जाऊन बसायला जागाच नाही. शपथ ज्या पोरीची, ती बाहेर अंगणात शेजारच्या अक्षयाला झगा दाखवत होती. आजोबा आले की शेपटी तेवढी करायची, ती सांगत होती.

परतीच्या एसटीत डबी रेणुकाच्या पर्समध्ये होती. रस्त्यात खड्डा आला की ती वाजायची. तिने पर्स पोटाशी घट्ट धरली, तरी वाजायची. सांगितलं नाही तर उद्या जोराचं औषध सुरू होईल, आणि नको ते होईल. सांगितलं तर महेंद्रला कळेल, महेंद्रला कळलं की उद्या कधीतरी घरात कोणाच्या तरी तोंडून निघेल, आणि मनूला कळेल. आत्ता कुठे वर मान करायला लागलेली पोर. आजोबा तिच्या झग्यापायी असे पडले, हे तिने कुठे ठेवायचं? हातखंब्यापर्यंत रेणुका हेच उलटसुलट करत होती. त्याच्यापुढे मात्र तिने विचार केला नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर तिने डबी ठेवली आणि महेंद्रच्या देखत सगळं सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत. बरं झालं आज बोललात, म्हणाले, आणि लिहिलेलं खोडलं. पूर्वीचीच औषधं ठेवू; मात्र ती हातात देऊन, गिळेपर्यंत समोर उभं राहून. रेणुका मान हलवत राहिली.

बाहेर चहाच्या टपरीवर महेंद्रने दोन चहा सांगितले आणि दोन्ही निवू दिले. तो म्हणाला, "मनूला नको सांगू." ती म्हणाली, नाही. मग त्याने विचारलं, "तू रोज बघायचीस ना गं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वॉर्डात आप्पा जागे होते. रेणुकाच्या हातातली डबी त्यांनी ओळखली. डोळे डबीवरून तिच्या तोंडावर आले आणि तिथेच थांबले. घशातून आवाज आला, "म… म…" एवढाच. मग डावा हात उचलून त्यांनी एक बोट स्वतःच्या वाकड्या ओठांवर ठेवलं. बोट ओठांवर नीट बसेना, गालावर घसरत होतं. ते पुन्हा पुन्हा ठेवत राहिले.

"नाही सांगणार, आप्पा," रेणुका म्हणाली. "तिला कधीच नाही कळणार."

त्यांना घरी आणलं. माजघरात खाट टाकली. गोळ्या आता रेणुकाच्या ताब्यात होत्या. ती स्वतः काढायची, जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची आणि तोंड उघडायला लावून बघायची. आप्पा लहान मुलासारखे जीभ दाखवायचे. रिकामं पाकीट ती चुलीत टाकायची. टोपली तिने उचलून गोठ्याच्या माळ्यावर फेकून दिली होती.

खुंटीवर झगा लटकत होता. शेपटी व्हायची होती. त्याच्याखालून जाताना रेणुका मान खाली घालायची, तरी वारा आला की तो बोलायचाच. तिने नम्रता मॅडमना फोन करून सांगितलं की घरात आजारपण आहे, मनस्वीचं नाव काढा. मॅडमनी समजून घेतलं. मनस्वीने घेतलं नाही. ही मुलगी कधी उलट बोलायची नाही. आज चुलीजवळ येऊन उभी राहिली.

"आजोबांनी एवढं केलं," ती म्हणाली, "आणि आपण टाकून द्यायचं?"

याला एकच उत्तर होतं, आणि ते तोंडातून काढायचं नव्हतं. सुंदराबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या हळूच म्हणाल्या, घालू दे तिला. त्यांनी काय उगाच केलंय.

रेणुकाने मॅडमना पुन्हा फोन करून नाव राहू द्यायला सांगितलं, आणि शेपटीही तिनेच शिवली. मनस्वीला शाळेची परीक्षा होती, म्हणून दुपारी आप्पांच्या खाटेशी बसून तिने एकटीनेच शिवली. वाडीतून आणखी काही पाकिटं आली होती ती लावली. कुठला खवला वाडीतला आणि कुठला आप्पांचा ते आता तिला हात लावताच कळायचं. आप्पांच्या खवल्यामागे ती बारीक चीर असायची. पाठ सगळी त्यांचीच होती. दोरा ओढताना बोट चिरेवरून जायचं, आणि एवढे दिवस घराचा डोळा म्हणवून घेणाऱ्या तिला वाटायचं, हे सगळं माझ्यासमोरून एकेक करून गेलं. मी हातात घेऊन, वा म्हणून, मुलीला दिलं. आप्पा कुशीवर पडून तिचं शिवणं बघायचे. एखादा खवला उलटा लागला तर डाव्या हाताने खाट वाजवायचे.

स्पर्धा देवरूखला एका सभागृहात होती. मंचामागे नुसता गोंधळ. वर्तमानपत्रांचा घेरदार झगा घातलेली एक मुलगी बसता येत नाही म्हणून रडत होती, आणि तिची आई चिकटपट्टी तोंडात धरून तिच्याभोवती फिरत होती. सीडीची ढाल, सुतळीची दाढी, बारदानाचा मावळा. पोशाख कोणी केलेत ते आयांच्या बोटांकडे बघून कळत होतं. महेंद्रला सुट्टी मिळाली नव्हती. रेणुका तिसऱ्या रांगेत कडेला बसली, उठून जाता येईल अशी.

मनस्वी आली तेव्हा आधी तिचा आवाज आला. पिकलेल्या भातातून वारा जावा तशी सळसळ. मग दिव्याखाली पाठ वळली आणि सगळी पाठ एकदम पेटल्यासारखी झाली. पुढच्या रांगेतून कोणीतरी अगं बाई म्हणालं. आप्पा म्हणायचे ते खोटं नव्हतं. चांदी झळकते ती अंधार असतो म्हणून.

परीक्षक बाई चांगल्या होत्या. त्यांनी माईक तिच्या उंचीला आणून दिला आणि हा पोशाख कशाचा आहे म्हणून विचारलं. मनस्वीची मान खाली गेली. रेणुकाला तिच्या पायाचा अंगठा दिसला. तो मंचावरची फळी उकरत होता. बोल, रेणुका मनात म्हणाली. आणि लगेच म्हणाली, नको बोलूस.

अंगठा थांबला. मनस्वीने मान वर केली.

"हे माझ्या आजोबांच्या गोळ्यांचे खवले आहेत," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आजोबा रोज न चुकता गोळ्या घ्यायचे. म्हणून एवढे खवले झाले."

टाळ्या पडल्या. परीक्षक बाईंनीही वाजवल्या. नम्रता मॅडम पडद्याशेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. या मुलीचा आवाज त्यांनी माईकवर पहिल्यांदाच ऐकला असेल. शेजारच्या बाईने रेणुकाकडे वळून तुमचीच ना, असं हसून विचारलं. तेव्हा रेणुकाला कळलं की आपणही वाजवायला पाहिजेत. तिने हात एकमेकांवर आणले. ज्या वाक्यासाठी तिने दोन वर्षं नवस बोलले होते, ते वाक्य हेच होतं.

दुसरा नंबर आला. ढाल मिळाली. एसटीत गर्दी होती, झगा चुरगळला, खांद्यावरचे काही खवले तुटून पडले. घरी पोचल्या तेव्हा सांज झाली होती. मनस्वीने हातपायही धुतले नाहीत; तसाच झगा चढवून ती आजोबांच्या खाटेसमोर उभी राहिली, गोल फिरली, मंचावर चालली तशी माजघरभर चालली. आप्पांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. त्यांनी डाव्या हाताने तिला जवळ बोलावलं आणि खांद्यावर बोट ठेवलं. तिथे नुसती मच्छरदाणी दिसत होती, तळहाताएवढी.

"पडले ते वाटेत," मनस्वी म्हणाली. "असू दे."

संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती. रेणुकाने पाकीट आणून उशीजवळ ठेवलं आणि पाणी आणायला आत गेली. तेवढाच वेळ. तांब्या भरून परत आली तर मनस्वीचं हसू ऐकू आलं, मोकळं, जुनं.

आप्पांच्या डाव्या मुठीत पाकीट होतं. अंगठ्याच्या नखाने मागून चीर देऊन ते एकेक गोळी बाहेर काढत होते. अंगठा थरथरत होता, पण फुगवट्याला धक्का लागू देत नव्हता. गोळ्या गोधडीवर पडत होत्या. नजर नातीच्या उघड्या खांद्यावर.

"मम्मी, बघ, आजोबांना अजून येतं," मनस्वी म्हणाली. "असंच काढायचे ते, पाठीमागून. मग डबीत टाकायचे. मी डबी धरायची आणि…"

बोलता बोलता तिने आईकडे बघितलं. रेणुकाने चेहरा सावरला असेल, पण क्षणभर उशीर झाला. मुलगी शेवटी तिचीच. तिचीही नजर बारीक होती. ती गोधडीवरच्या गोळ्यांकडे बघू लागली, मग आजोबांच्या पडलेल्या उजव्या हाताकडे. स्वयंपाकघराच्या दारात सुंदराबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"मम्मी," मनस्वीने विचारलं, "डबीतल्या त्या गोळ्या आजोबांनी मग घेतल्या होत्या ना?"

आप्पांचा अंगठा थांबला. त्यांनी रेणुकाकडे बघितलं. वॉर्डात बघितलं होतं तसंच.

"हो," रेणुका म्हणाली. "रोज घेतल्या. मी बघत होते."

मनस्वी खाटेच्या कडेला बसली तसा झगा करकरला. तिने आजोबांच्या मुठीतून पाकीट सोडवून घेतलं, आणि गोधडीवरची एकेक गोळी उचलून परत तिच्या खोबणीत बसवू लागली. मागची चांदी फाटलेली होती. एक बसवली की दुसरी निसटायची. तिने पाकीट उपडं केलं, सुलटं केलं, फाटलेल्या जागी अंगठा दाबून धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रेणुकाने तांब्या खाली ठेवला. ती मुलीजवळ जाऊन बसली आणि पाकिटाखाली ओंजळ धरून राहिली.